अपडेट क्वेरी चालते, पण डेटा बदलत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मायएसक्यूएल, पोस्टग्रेस, एसक्यूएल सर्व्हर आणि ओरॅकल या चार डेटाबेसवर काम करणाऱ्यांना अपडेट क्वेरीबाबत ज्या अडचणी पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उदाहरणांसाठी एका पतसंस्थेचे ‘सभासद’ नावाचे टेबल गृहीत धरले असून त्यात क्रमांक, नाव, गाव, शाखा, मोबाइल आणि शिल्लक असे कॉलम आहेत. क्वेरीतील शब्द वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत लिहिले आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना ते अर्थातच रोमन लिपीत लिहायचे आहेत.

क्वेरी चालते, एररही येत नाही, पण टेबलमधला डेटा जसाच्या तसा राहतो. शोध कोठून सुरू करावा?

क्वेरी चालल्यानंतर डेटाबेस किती ओळींवर परिणाम झाला हे सांगतो, आणि बहुतेक जण हा आकडा न वाचताच पुढे जातात. शोध तेथूनच सुरू करावा. आकडा शून्य असेल तर दोष बहुधा व्हेअरमध्ये (कोणत्या ओळी बदलायच्या हे सांगणाऱ्या अटीत) आहे, म्हणून सेटकडे (नवी किंमत सांगणाऱ्या भागाकडे) अजिबात न पाहता तीच व्हेअर अट सिलेक्टला (डेटा नुसता वाचणाऱ्या क्वेरीला) लावून पाहावी आणि अटीचे तुकडे एकेक करून काढत जावे. ज्या तुकड्यापाशी ओळी दिसू लागतात तेथे गडबड आहे. आकडा अपेक्षेइतका असूनही बदल दिसत नसेल, तर क्वेरी ठीक आहे आणि पुढचे काहीतरी अडले आहे.

‘पुढचे काहीतरी’ म्हणजे बहुतेक वेळा कमिट, अर्थात केलेला बदल कायम करण्याची आज्ञा. पायथॉनमधील सायकोपीजी२ किंवा मायएसक्यूएल कनेक्टर या लायब्ररी ऑटोकमिट (प्रत्येक क्वेरीनंतर आपोआप होणारे कमिट) बंद ठेवूनच जोडणी उघडतात, त्यामुळे कमिट न करता प्रोग्राम संपला की केलेला बदल गुपचूप मागे घेतला जातो. ओरॅकलमध्ये तर तुमच्याच सेशनमध्ये नवी किंमत दिसते आणि शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला जुनी, कारण कमिट होईपर्यंत तो बदल तुमच्यापुरताच असतो. याउलट मायएसक्यूएलमध्ये तुम्ही कमिट करूनही दुसऱ्याला जुनाच डेटा दिसत असेल, तर त्याचे ट्रान्झॅक्शन (एकत्रच कायम किंवा रद्द होणारा क्वेरींचा गट) आधीपासून उघडे आहे का ते पाहावे. तेथील डीफॉल्ट आयसोलेशन (एका ट्रान्झॅक्शनला दुसऱ्याचे बदल केव्हा दिसावेत याचा नियम) ‘रिपीटेबल रीड’ असल्याने त्याला पहिल्या वाचनाच्या वेळचे चित्रच दिसत राहते. कमिटही झाले असेल, तर आपण नेमक्या कोणत्या सर्व्हरवर आणि कोणत्या डेटाबेसमध्ये आहोत हे एकदा तपासावे. टेस्टच्या डेटाबेसवर अपडेट करून लाइव्ह स्क्रीनवर बदल शोधत बसण्याचा प्रकार अनुभवी लोकांकडूनही घडतो.

ओळ नक्की आहे, तरी मायएसक्यूएल ‘शून्य ओळी बदलल्या’ असे का सांगते?

कारण मायएसक्यूएल दोन वेगळे आकडे ठेवते: अटीत बसलेल्या ओळी आणि खरोखर बदललेल्या ओळी. शाखा आधीपासूनच ‘सातारा’ असेल आणि तुम्ही पुन्हा ‘सातारा’च लिहिलेत, तर पहिला आकडा १ आणि दुसरा ० येतो. पीएचपीचे मायएसक्यूएलआय डीफॉल्टनुसार दुसरा आकडा देते, तर जावाचा कनेक्टर-जे पहिला देतो. त्यामुळे तोच कोड भाषा बदलल्यावर वेगळा वागतो. ‘शून्य आले म्हणजे सभासद अस्तित्वात नाही’ असा निष्कर्ष काढणारा कोड मायएसक्यूएलवर म्हणूनच चुकतो. पोस्टग्रेस मात्र अटीत बसलेल्या ओळीच मोजते.

व्हेअरमध्ये लिहिलेले गावाचे नाव आणि टेबलमधले नाव डोळ्यांना एकसारखे दिसते, तरीही ओळ सापडत नाही. असे कसे?

मराठी डेटावर काम करणाऱ्यांना हा प्रश्न हमखास भेटतो आणि त्याचे उत्तर इंग्रजी डेटावर शिकलेल्या माणसाला सहसा सुचत नाही. ‘कऱ्हाड’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र युनिकोडमध्ये तीन प्रकारे साठवला जाऊ शकतो. पहिल्या प्रकारात ‘ऱ’ हा एकच कोडपॉइंट (युनिकोडने चिन्हाला दिलेला क्रमांक), ०९३१, आणि त्यापुढे हलन्त असतो. दुसऱ्यात साधा ‘र’, म्हणजे ०९३०, त्यापुढे नुक्ता आणि मग हलन्त येतो. तिसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे झिरो विड्थ जॉइनर नावाचे, डोळ्यांना न दिसणारे, २००डी हे चिन्ह असते. कोणता प्रकार उतरणार हे टाइप करणाऱ्याच्या कीबोर्डवर अवलंबून असते. स्क्रीनवर तिन्ही सारखेच दिसतात. पण कोडपॉइंटची संख्या काढली तर पहिल्याची ६ आणि उरलेल्या दोन्हींची ७ भरते, आणि बाइट मोजले तर अनुक्रमे १८, २१ आणि २१.

पोस्टग्रेसमध्ये नेहमीच्या कोलेशनखाली (मजकुराच्या तुलनेच्या नियमसंचाखाली) बाइट जुळल्याशिवाय दोन मजकूर समान ठरत नाहीत, त्यामुळे व्हेअरमध्ये पहिला प्रकार आणि टेबलमध्ये तिसरा असेल तर शून्य ओळी मिळणार हे ठरलेलेच. संशय आला की अंदाज बांधत बसू नये, सरळ बाइट पाहावेत: मायएसक्यूएलमध्ये हेक्स, ओरॅकलमध्ये डम्प आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये व्हारबायनरीत कन्व्हर्ट करून ते दिसतात. दुरुस्तीचे दोन भाग आहेत. पहिले दोन प्रकार युनिकोडच्या नियमांनुसार समतुल्य असल्याने नॉर्मलायझेशनने (समतुल्य रूपे एकाच ठरलेल्या रूपात आणण्याने) एकरूप होतात आणि पोस्टग्रेसच्या १३व्या आवृत्तीपासून त्यासाठी नॉर्मलाइझ हे फंक्शन उपलब्ध आहे. तिसरा प्रकार नॉर्मलायझेशनला दाद देत नाही. तेथे ‘र, हलन्त, जॉइनर’ ही त्रयी शोधून तिच्या जागी ‘ऱ, हलन्त’ घालावे लागते. सगळ्या टेबलातून जॉइनरच काढून टाकण्याचा मोह मात्र आवरावा, कारण अर्ध्या र मधून तो नुसता काढला की उरते ‘र्ह’, आणि कऱ्हाडचे ‘कर्हाड’ होते. डेटा एकदा सरळ केला तरी नवा डेटा तसाच वाकडा येत राहणार, म्हणून नॉर्मलायझेशन डेटा भरण्याच्या वाटेवरही बसवणे आवश्यक आहे.

एवढे करूनही जुळत नसेल तर रिकाम्या जागा तपासाव्यात. एक्सेलमधून आलेल्या मजकुराच्या शेवटी अनेकदा नॉन-ब्रेकिंग स्पेस असते आणि साधे ट्रिम ती काढत नाही. साधी स्पेसदेखील सगळीकडे सारखी वागत नाही: एसक्यूएल सर्व्हर बरोबरीच्या चिन्हाने तुलना करताना शेवटच्या स्पेसकडे दुर्लक्ष करतो, पोस्टग्रेस व्हारचार कॉलममध्ये करत नाही, आणि मायएसक्यूएलमध्ये ते कोलेशनवर ठरते. जुनी जनरल-सीआय कोलेशन शेवटची स्पेस सोडून देतात, तर ८.० बरोबर आलेली ०९०० मालिकेतील कोलेशन ती मोजतात. टेबल नव्या कोलेशनवर नेल्यानंतर काही अपडेट अचानक ‘शून्य ओळी’ सांगू लागले तर प्रथम याचा संशय घ्यावा.

अपडेट केल्यावर मराठी मजकुराच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे दिसतात.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये मजकुराच्या अवतरणचिन्हापूर्वी एन हे कॅपिटल अक्षर लिहिले नाही, तर तो मजकूर आधी डेटाबेसच्या कोडपेजमध्ये (मर्यादित चिन्हांच्या संचात) बदलला जातो, आणि त्या कोडपेजात देवनागरी नसल्याने कॉलम एनव्हारचार असूनही तेथे प्रश्नचिन्हेच पोहोचतात. मायएसक्यूएलमध्ये कॉलम यूटीएफ८एमबी४ असूनही जोडणीचा कॅरेक्टर सेट लॅटिन१ राहिला तर मजकूर असाच बिघडू शकतो. एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: टेबलमध्ये खरोखरच प्रश्नचिन्हाचा बाइट साठवला गेला असेल, तर मूळ मजकूर त्यातून कोणत्याही युक्तीने परत येत नाही. तो बॅकअपमधूनच आणावा लागतो, म्हणून आणखी ओळी बिघडण्यापूर्वी काम थांबवावे.

ओरॅकलमध्ये कॉलम २० अक्षरांचा आहे आणि शब्द त्याहून छोटा आहे, तरी ‘मूल्य फार मोठे आहे’ असे सांगणारी १२८९९ क्रमांकाची एरर येते. का?

ओरॅकलमध्ये व्हारचार२ ची लांबी वेगळे काही न सांगितल्यास बाइटमध्ये मोजली जाते, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ‘महाराष्ट्र’ हा शब्द वाचणाऱ्याला चार अक्षरांचा वाटतो. पण काना आणि हलन्त धरून त्यात १० कोडपॉइंट आहेत, म्हणजे ३० बाइट झाले. २० बाइटांच्या कॉलममध्ये तो मावणार नाही. कॉलमची व्याख्या करताना आकड्यापुढे ‘चार’ (कॅरेक्टरचे संक्षिप्त रूप) हा शब्द लिहून लांबी अक्षरांत मोजायला लावणे हा उपाय आहे. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस कोडपॉइंट मोजतात, त्यामुळे तेथे हा त्रास कमी होतो. तरी जोडाक्षरे धरून अंदाजापेक्षा सढळ लांबी ठेवणेच बरे.

‘मोबाइल = नल’ अशी अट लिहिली, पण एकही ओळ बदलली नाही.

नल म्हणजे किंमत भरलेलीच नसणे. त्याची कशाशीही, अगदी दुसऱ्या नलशीही, बरोबरीच्या चिन्हाने तुलना केली तर उत्तर ‘खरे’ येत नाही आणि ‘खोटे’ही येत नाही, ते ‘अज्ञात’ येते, आणि व्हेअर फक्त खऱ्या ठरलेल्या ओळी घेते. म्हणून ‘मोबाइल इज नल’ असे लिहावे. याच नियमाचा कमी परिचित परिणाम असा की ‘शाखा सातारा नसलेले सर्व’ अशी असमानतेची अट शाखा नल असलेल्या सभासदांना वगळते, आणि ‘नॉट इन’च्या उपक्वेरीत एक जरी नल आला तरी संपूर्ण अटीत एकही ओळ बसत नाही. ओरॅकलमध्ये रिकामा मजकूरही नलच मानला जातो, हे तेथे नव्याने आलेल्यांनी लक्षात ठेवावे.

‘चुकीची डबल किंमत छाटली गेली’ अशा अर्थाची १२९२ एरर येते. माझ्या क्वेरीत तर एकही संख्या नाही.

सेटमध्ये दोन कॉलमच्या मध्ये स्वल्पविरामाऐवजी अँड लिहिले आहे का, ते पाहावे. ‘सेट गाव = 'वाई' अँड शाखा = 'सातारा'’ याचा मायएसक्यूएल असा अर्थ लावते की गाव या कॉलममध्ये ‘'वाई' अँड (शाखा = 'सातारा')’ या तार्किक विधानाचे उत्तर भरायचे आहे. त्यासाठी ‘वाई’ला संख्येत बदलणे भाग पडते आणि तेथे ही एरर येते. एरर येणे हे येथे नशीबच म्हणायचे, कारण पहिली किंमत आकडा असती तर क्वेरी विनातक्रार चालून कॉलममध्ये ० किंवा १ भरला गेला असता. पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हर अशी क्वेरी स्वीकारतच नाहीत.

हीच एरर येण्याचे दुसरे कारण व्हेअरमध्ये सापडते. मोबाइल हा मजकुराचा कॉलम असताना क्रमांक अवतरणचिन्हांविना लिहिला, तर मायएसक्यूएल प्रत्येक ओळीतला मजकूर संख्येत बदलून तुलना करते. त्यात ‘उपलब्ध नाही’ असे काही लिहिलेली ओळ आली की स्ट्रिक्ट मोडमध्ये (चुकीच्या किमती नाकारणाऱ्या सेटिंगमध्ये) अपडेट थांबते. स्ट्रिक्ट मोड नसेल तर अशा ओळीची संख्या ० धरली जाते, आणि ‘मोबाइल = ०’ ही निरुपद्रवी दिसणारी अट त्या सगळ्या ओळींना लागू पडते. शिवाय असे बदल करताना त्या कॉलमवरचा इंडेक्सही (ओळी झटकन शोधण्यासाठी केलेली सूची) वापरला जात नाही.

मायएसक्यूएल वर्कबेंच ११७५ क्रमांकाची एरर देऊन अपडेट करूच देत नाही.

ही ‘सेफ अपडेट’ व्यवस्था आहे. व्हेअरमध्ये इंडेक्स असलेला कॉलम नसेल आणि लिमिटही नसेल, तर ती क्वेरी अडवते. प्राथमिक की (प्रत्येक ओळीची एकमेव ओळख ठरणारा कॉलम) वापरून अट लिहिणे हा खरा मार्ग होय. तेवढ्यापुरती व्यवस्था बंद करायची असल्यास ‘सेट एसक्यूएल सेफ अपडेट्स = ०’ ही आज्ञा त्या सेशनसाठी पुरते; वर्कबेंचच्या प्रेफरन्सेसमधून बंद केल्यास जोडणी पुन्हा उघडावी लागते. कमांड लाइनवरील मायएसक्यूएल क्लायंटमध्ये याच पर्यायाला ‘आय ॲम अ डमी’ असे अधिकृत दुसरे नाव आहे. नाव चेष्टेचे असले तरी लाइव्ह सर्व्हरवर तो पर्याय चालू ठेवण्यात कमीपणा मानू नये.

व्हेअर लिहायचे राहिले आणि सगळ्या सभासदांची शाखा एकच झाली. आता काय करावे?

पहिली गोष्ट, सेशन बंद करू नये. ट्रान्झॅक्शन उघडे असेल तर रोलबॅक या एका शब्दाने सारे पूर्ववत होते. ओरॅकलमध्ये ही शक्यता अधिक असते, कारण तेथे ट्रान्झॅक्शन आपोआप सुरू होते. मात्र मध्ये क्रिएट किंवा ऑल्टरसारखी आज्ञा दिली असेल तर कमिट होऊन गेलेले असते, आणि घाबरून एसक्यूएल प्लसमधून नेहमीच्या मार्गाने बाहेर पडले तरी डीफॉल्टनुसार कमिटच होते. मायएसक्यूएल, पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हर यांत आधी बिगिन (ट्रान्झॅक्शन सुरू करण्याची आज्ञा) लिहिले नसेल आणि ऑटोकमिट चालू असेल, तर बदल त्याच क्षणी कायम झाला असे समजावे.

कमिट झाले असेल तर ओरॅकलचा फ्लॅशबॅक प्रथम आजमावावा: सिलेक्टला ‘ॲज ऑफ टाइमस्टॅम्प’ जोडून अर्ध्या तासापूर्वीचे टेबल वाचता येते. हे अनडू डेटावर (बदलापूर्वीच्या साठवलेल्या किमतींवर) चालते, आणि तो टिकवण्याची डीफॉल्ट मुदत ९०० सेकंद आहे. डेटा त्यापेक्षा जास्त टिकू शकतो, कमीही टिकू शकतो, म्हणून प्रत्येक मिनिट मोलाचे असते. मायएसक्यूएलमध्ये बायनरी लॉग, म्हणजे बदलांची नोंद, रो फॉरमॅटमध्ये असेल (५.७ पासून तोच डीफॉल्ट आहे) तर त्यात प्रत्येक ओळीची बदलापूर्वीची किंमत नोंदलेली असते आणि मायएसक्यूएलबिनलॉगने ती वाचून उलट क्वेरी तयार करता येतात, मारियाडीबीच्या त्याच साधनात फ्लॅशबॅक नावाचा तयार पर्याय आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये रिकव्हरी मॉडेल फुल असल्यास लॉगचा बॅकअप घेऊन, आणि पोस्टग्रेसमध्ये मूळ बॅकअपवर वॉल फाइली (बदलांच्या नोंदी) चढवून, चुकीच्या आधीच्या क्षणापर्यंत डेटाबेस उभा करता येतो.

असा डेटाबेस कधीही चालू डेटाबेसवर उतरवू नये. तो वेगळ्या नावाने किंवा वेगळ्या सर्व्हरवर उभा करावा आणि तेथून फक्त बिघडलेला कॉलम, प्राथमिक कीच्या आधारे, चालू टेबलमध्ये परत आणावा. अन्यथा चूक झाल्यापासून झालेले खरे व्यवहार तिच्याबरोबर पुसले जातात आणि मूळ नुकसानापेक्षा मोठे नुकसान होते.

दुसऱ्या टेबलवरून किंमत आणताना काही ओळी नल कशा झाल्या?

‘सेट शाखा = (सिलेक्ट … )’ अशी उपक्वेरी वापरली आणि बाहेरच्या अपडेटला व्हेअर लावले नाही, तर ज्या सभासदाची दुसऱ्या टेबलमध्ये जोडी नाही त्यालाही अपडेट लागू होते, आणि उपक्वेरीने काहीच न दिल्याने तेथे नल भरला जातो. बाहेर ‘व्हेअर एक्झिस्ट्स’ घालून जोडी असलेल्या ओळींपुरतेच अपडेट मर्यादित करावे. उलट, एका सभासदाला दोन जोड्या असतील तर उपक्वेरी एकाहून अधिक ओळी देते आणि एरर येते: ओरॅकलमध्ये १४२७, मायएसक्यूएलमध्ये १२४२, एसक्यूएल सर्व्हरमध्ये ५१२. येथे ‘लिमिट १’ लावून एरर बंद करणे म्हणजे दोन किमतींपैकी कोणतीही उचलणे. दोन जोड्या का आहेत, हा प्रश्न आधी सोडवावा.

जॉइन (दोन टेबल एका अटीने जोडणे) वापरून केलेल्या अपडेटमध्ये तर दोन जोड्या असूनही एरर येत नाही. पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हर त्यांतली एक घेऊन मोकळे होतात. शिवाय लेखनपद्धती वेगवेगळी असल्याने एकीकडची क्वेरी दुसरीकडे नेताना घात होतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये फ्रॉममध्ये लक्ष्य टेबल पुन्हा लिहिण्याचा प्रघात आहे. तेच पोस्टग्रेसमध्ये वेगळ्या टोपणनावाने लिहिले तर ती टेबलची स्वतंत्र प्रत मानली जाते आणि मूळ टेबलशी सांधणारी अट नसल्यास झाडून सगळ्या ओळी बदलतात. पोस्टग्रेसमध्ये लक्ष्य टेबल फक्त अपडेटपुढे लिहावे, फ्रॉममध्ये केवळ दुसरे टेबल द्यावे आणि दोघांना व्हेअरमध्ये जोडावे.

मायएसक्यूएलमध्ये १०९३ एरर म्हणजे काय?

जे टेबल बदलायचे आहे तेच उपक्वेरीत थेट वाचता येत नाही. उपक्वेरीभोवती आणखी एक सिलेक्ट घालून तिला टोपणनाव दिले की तिचा निकाल बहुतेक वेळा तात्पुरत्या टेबलमध्ये जातो आणि अडचण दूर होते. त्याऐवजी जॉइन लिहिणे अधिक स्वच्छ दिसते.

३१ मार्चच्या काही नोंदी अपडेटमधून का सुटल्या?

दिनांकाच्या कॉलममध्ये वेळही साठवली जात असेल, तर ‘१ मार्च ते ३१ मार्च’ अशी बिट्वीनची अट ३१ तारखेच्या मध्यरात्री शून्य वाजताच संपते, आणि वर्षअखेरीच्या त्या गर्दीच्या दिवशी काउंटरवर झालेले सगळे व्यवहार बाहेर राहतात. ‘१ मार्च किंवा त्यानंतर, आणि १ एप्रिलपूर्वी’ अशी अट लिहावी.

तारीख लिहिण्याची पद्धतही तपासावी. एसक्यूएल सर्व्हरमध्ये लॉगिनची भाषा अमेरिकन इंग्रजी असेल तर ‘१३/०३/२०२४’वर एरर येते, पण ‘०५/०३/२०२४’ मात्र ३ मे म्हणून मुकाट्याने स्वीकारली जाते. महिन्याच्या पहिल्या १२ दिवसांचाच डेटा चुकलेला दिसला तर कारण हेच आहे. वर्ष, महिना, दिवस असे सलग आठ आकडे लिहिले की कोणत्याही भाषेच्या सेटिंगमध्ये अर्थ बदलत नाही.

अपडेट बराच वेळ अडकून राहते आणि मग ‘लॉकसाठी थांबण्याची मुदत संपली’ अशी एरर येते.

दुसऱ्या कोणाचे तरी ट्रान्झॅक्शन त्याच ओळी धरून बसले आहे. मायएसक्यूएलच्या इनोडीबीमध्ये थांबण्याची डीफॉल्ट मुदत ५० सेकंद असून नंतर १२०५ एरर येते. पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हर मुळात अनंत काळ थांबतात, आणि तेथे दिसणारी मुदत बहुधा ॲप्लिकेशनची असते, जसे डॉटनेटमध्ये ३० सेकंद. मुदत वाढवणे हा उपाय नाही. ओळी कोणी धरल्या आहेत ते शोधावे: मायएसक्यूएलमध्ये सिस स्कीमातील इनोडीबी लॉक वेट्स हा व्ह्यू, पोस्टग्रेसमध्ये पीजी ब्लॉकिंग पिड्स हे फंक्शन, एसक्यूएल सर्व्हरमध्ये एसपी हू२.

पुष्कळदा आढळते ते असे की अडवणारे सेशन काहीच काम करत नसते. कोणीतरी बिगिन करून एक ओळ बदलली आणि कमिट न करता तो चहाला गेला. पोस्टग्रेस अशा सेशनपुढे ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ असे लिहून दाखवते. ते सेशन कोणाचे आहे हे विचारून मगच बंद करावे, कारण त्याबरोबर त्याचे अपुरे कामही मागे घेतले जाईल. दुसरे नेहमीचे कारण इनोडीबीपुरते आहे: व्हेअरमधल्या कॉलमवर इंडेक्स नसेल तर डीफॉल्ट आयसोलेशनमध्ये अपडेट तपासलेल्या प्रत्येक ओळीवर लॉक लावते, त्यामुळे एका सभासदाचे गाव बदलताना सगळी संस्था थांबून राहते.

डेडलॉक त्याहून वेगळा कसा?

डेडलॉकमध्ये दोन ट्रान्झॅक्शन एकमेकांची वाट पाहत असतात, त्यामुळे थांबून काही निष्पन्न होणार नसते आणि डेटाबेस त्यांतल्या एकाचा बळी देतो. आकड्यांचा येथे गोंधळ होतो: एसक्यूएल सर्व्हरची डेडलॉक एररसुद्धा १२०५ आहे, तर मायएसक्यूएलची १२१३. मायएसक्यूएलमध्ये डेडलॉक झाला की संपूर्ण ट्रान्झॅक्शन मागे घेतले जाते, पण लॉकची मुदत संपली तर डीफॉल्टनुसार तेवढी एक क्वेरीच मागे जाते आणि आधीचे बदल तसेच लटकत राहतात. म्हणून दोन्ही एररना कोडमध्ये एकच वागणूक देऊ नये. खात्यातून खात्यात रक्कम वळवताना नेहमी लहान क्रमांकाचे खाते आधी बदलायचे, असा एकच क्रम सगळीकडे पाळला तर बहुतेक डेडलॉक नाहीसे होतात. उरलेल्यांसाठी ट्रान्झॅक्शन पुन्हा चालवण्याची सोय कोडमध्ये ठेवावी.

दोन कर्मचाऱ्यांनी एकाच खात्यात एकाच वेळी नोंद केली आणि एक रक्कम गायब झाली.

दोघांच्या प्रोग्रामने आधी शिल्लक वाचली, बेरीज आपल्याकडे केली आणि नवा आकडा लिहिला. दुसऱ्याच्या लिहिण्याने पहिल्याची नोंद झाकली गेली. शिल्लक १०,००० असताना एकाने ५०० आणि दुसऱ्याने २,००० जमा केले, तर शेवटी १२,५०० ऐवजी १०,५०० किंवा १२,००० दिसतात. बेरीज डेटाबेसकडेच सोपवावी: ‘सेट शिल्लक = शिल्लक + ५००’. वाचून मग निर्णय घ्यायचा असेल तर सिलेक्टला फॉर अपडेट (एसक्यूएल सर्व्हरमध्ये अपडलॉक हिंट) जोडून ओळ धरून ठेवावी, नाहीतर टेबलमध्ये आवृत्ती क्रमांकाचा कॉलम ठेवून व्हेअरमध्ये वाचलेला आवृत्ती क्रमांक तपासावा आणि सेटमध्ये तो एकने वाढवावा. या शेवटच्या पद्धतीत शून्य ओळी बदलणे याचा अर्थ ‘मध्ये कोणीतरी बदल केला’ असा होतो.

किंमत बदलते आणि लगेच पूर्वीसारखी होते. किंवा परवानगी असूनही पोस्टग्रेस शून्य ओळी सांगते.

टेबलवर ट्रिगर (डेटा बदलला की आपोआप चालणारा कोड) आहे का ते पाहावे. पोस्टग्रेसमध्ये बिफोर ट्रिगरने नल परत केला तर ती ओळ एररशिवाय वगळली जाते, आणि रो लेव्हल सिक्युरिटीची पॉलिसी ज्या ओळी दाखवत नाही त्या अपडेटलाही अदृश्य असतात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ट्रिगर प्रत्येक ओळीसाठी स्वतंत्रपणे चालत नाही, पूर्ण क्वेरीसाठी एकदाच चालतो. एकच ओळ येईल असे गृहीत धरून लिहिलेला ट्रिगर एकेक सभासद बदलताना बरोबर वागतो आणि एकदम शंभर बदलले की नव्व्याण्णव विसरतो.

लाखो ओळींचे अपडेट संपतच नाही. वेग कसा वाढवावा?

प्रथम ज्या ओळी बदलण्याची गरज नाही त्या वगळाव्यात. पोस्टग्रेस किंमत तीच असली तरी ओळीची नवी प्रत लिहिते आणि जुनी व्हॅक्यूमसाठी (जुन्या प्रती साफ करणाऱ्या प्रक्रियेसाठी) मागे ठेवते, म्हणून ‘शाखा इज डिस्टिंक्ट फ्रॉम 'सातारा'’ अशी अट जोडल्याने काम बरेच हलके होऊ शकते. नंतर काम तुकड्यांत विभागून प्रत्येक तुकड्यानंतर कमिट करावे. मायएसक्यूएलमध्ये लिमिट आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये टॉप अपडेटला लावता येते, पोस्टग्रेसमध्ये ती सोय नसल्याने प्राथमिक कीच्या पट्ट्या पाडाव्यात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये एका क्वेरीने सुमारे ५,००० लॉक घेतले की ते पूर्ण टेबलच्या लॉकमध्ये बदलू शकतात, त्यामुळे तुकडा त्याहून लहान ठेवणे सोयीचे पडते. लिमिट किंवा टॉप वापरताना झालेल्या ओळी पुन्हा अटीत बसणार नाहीत अशी अट हवी, नाहीतर तोच तुकडा पुन्हा पुन्हा बदलला जातो.

वेळ कोठे जातो हे पाहण्यासाठी एक्स्प्लेन वापरताना पोस्टग्रेसमध्ये एक सावधगिरी बाळगावी: नुसते एक्स्प्लेन फक्त योजना दाखवते, पण एक्स्प्लेन ॲनालाइझ क्वेरी खरोखर चालवते आणि डेटा खरोखर बदलतो. ते नेहमी बिगिन आणि रोलबॅक यांच्या मध्येच चालवावे, आणि रोलबॅक होईपर्यंत त्या ओळींवर लॉक राहणार हे लक्षात घेऊन कामकाजाची वेळ संपल्यानंतर चालवावे.